पोळ्यांच्या बाईच्या दरानं

आई भाजी आणायला निघाली होती. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या गेटबाहेर एक टेम्पो न बघता मागं आला, तिला धक्का बसला आणि फुटपाथच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. रक्त फारसं आलं नाही. बघणारे म्हणाले, थोडक्यात वाचल्या. त्यानंतर बरेच दिवस ती शुद्धीवर नव्हती.

घरी आली तेव्हा मात्र चालत आली, बोलत आली. भेटायला येणाऱ्यांना ती म्हणायची, "या, बसा. चहा टाकते." आणि जागची हलायची नाही. थोड्या वेळानं त्यांनाच विचारायची, "चहा आवडला ना?" लोक माझ्याकडे बघायचे. मी उठून चहा करायचे.

हीच बाई सोसायटीतल्या सगळ्यांची दुखणी-बाळंतपणं सांभाळायची. आवाज कधी चढला नाही तिचा. आता ती शेजारच्या काकूंना तोंडावर जाडी म्हणायची, बाबांच्या ताटातली भाजी हातानं उचलायची, गॅस चालू करून गॅलरीत जाऊन बसायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "काम ठरवायचं, सुरू करायचं, जिभेला आवर घालायचा, हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागातून चालतं. तिथंच मार बसलाय. आणि आपलं काही बिघडलंय, हे त्यांना स्वतःला कळणार नाही." तिला एकटं सोडणं शक्य नव्हतं. बाबा मार्केट यार्डात एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे, त्यांच्या पगारावर घर चालायचं. मग माझी नोकरी सुटली.

नुकसानभरपाईचा दावा करा, असा धोशा मामानं लावला. वकीलही त्यानंच गाठून दिला. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कमावत्या होत्या का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग अवघड आहे. पाय तुटला असता तर सोपं होतं. कोर्टाला दिसतं." मग म्हणाले, "डबे करून द्यायच्या, असं दाखवू. चार शेजाऱ्यांच्या सह्या आणा."

"डबे करायची. पण आमचे," बाबा म्हणाले.

मामा मधे पडला. "अहो भाऊजी, लोक धडधाकट माणसाला लंगडं करून नेतात. आपलं तर खरं आहे. खऱ्याला थोडी जोड दिली तर बिघडलं कुठं?"

बाबा नाही म्हणाले. वकिलांनी खांदे उडवले आणि कागद पुढं ओढून बेरीज मांडायला सुरुवात केली. धुण्याभांड्याच्या बाईचे इतके, पोळ्यांच्या बाईचे इतके, झाडूफरशीचे इतके. मला विचारलं, "तुमच्या भागात पोळ्यांचा दर काय चाललाय?" मी सांगितला. आईनं घरात तीस वर्षं केलं त्याचा भाव ठरत होता, आणि तो सांगत होते मी. निघताना वकील जिन्यापर्यंत आले. "तारखेला त्यांचे केस विंचरू नका. साडी जरा मळकी असू द्या."

घरी येऊन मी आईला न्हाऊ घातलं. तारीख अजून दूर होती, तरी घातलं.

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला हात वर करायला सांगितलं, चालायला लावलं, नाव आणि वार विचारला. तिनं सगळं बरोबर सांगितलं. "तुम्ही जेवलात का? चेहरा उतरलाय," असंही विचारलं. डॉक्टर खूश झाले. मी म्हटलं, "अहो, ती स्वतःहून अंघोळसुद्धा करत नाही. गॅस चालू ठेवते." ते लिहिता लिहिता म्हणाले, "वयानं होतं तसं." दाखल्यावर तीस टक्के आले. बाहेर बाकावर बसलेल्या एकाचा अंगठा गेला होता, त्यालाही जवळपास तेवढेच मिळाले होते. त्या माणसाचा मला राग आला नाही. पण कुणीतरी आमच्या आईला अंगठ्याशेजारी ठेवून मोजलं होतं, आणि दाखल्यावर शिक्का मारून 'पुढचा' म्हटलं होतं.

साक्षीच्या दिवशी तिला धुतलेली हिरवी साडी नेसवली, वेणी घातली. आमच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी आईचा पदर सारखा केला.

विमा कंपनीचे वकील मोठे सभ्य होते. आधी मला उभं केलं. "आपल्या आईंना पगार नव्हता, बरोबर? म्हणजे घरात येणारा पैसा कमी झालेला नाही." मी म्हटलं, "माझा कमी झाला. मी नोकरी सोडली." ते हसले. "मुली लग्नाच्या वयात नोकऱ्या सोडतातच." माझं लग्न ठरलंच नव्हतं. आईला बघून गेलेल्या दोन घरांनी पुन्हा फोनही केला नव्हता. ते मी तिथं सांगितलं नाही.

मग त्यांनी आईला दोन प्रश्न विचारायची परवानगी मागितली. आमच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी तिला खुर्ची द्यायला लावली.

"आई, बरं वाटतं ना आता?"

"मला काय झालंय? ठणठणीत आहे मी."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण करणार? ही?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला साधं वरण लावता येत नाही."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला.

"काल काय केलं होतंत?"

"पुरणपोळी. तुम्हाला सांगते, कणीक सैल भिजवायची, म्हणजे पोळी फाटत नाही." आणि तिनं पुरण शिजवण्यापासून तव्यावर उलटेपर्यंत सगळी कृती सांगितली. एक अक्षर चुकलं नाही. काल दुपारी मी तिला भरवलेली खिचडी तिनं माझ्या अंगावर थुंकली होती.

"बस, एवढंच," ते वकील म्हणाले आणि तिला नमस्कार केला. तिनंही हात जोडले. "या एकदा घरी," म्हणाली.

मी व्हरांड्यात जाऊन नळाखाली तोंड धुतलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांचे कागद त्यानं वाचले होते, आपल्याला काय झालंय ते तिला कळत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून तर त्यानं तिलाच विचारलं.

लोकअदालतीत तडजोडीला बोलावलं तेव्हा कंपनीचा अधिकारी खिशातून सुपारी काढून चघळत होता. "ताई, तुम्ही थोडं खाली या, आम्ही थोडं वर येतो." मी उठले. बाबाही माझ्यामागून उठले. मामानं महिनाभर आमच्याशी बोलणं टाकलं.

निकाल लागायला आणखी बराच काळ गेला. दवाखान्याचा खर्च जवळपास सगळा मिळाला. तिच्या कामाचे पैसे पोळ्या-भांड्यांच्या हिशेबानं, त्यातही तीस टक्केच धरले, कारण साक्षीदार आनंदी आणि बोलती आहे. सांभाळायला बाई ठेवण्याचा खर्च निम्मा कापला. कारण दिलं होतं, अविवाहित मुलगी घरीच असते.

वकील म्हणाले, "वरच्या कोर्टात जाता येईल. पण ते लोकही जातील. मग बसा वर्षानुवर्षं." बाबा माझ्याकडे बघत होते. मीच म्हटलं, "घेऊ या."

वकिलांनी त्यांचा वाटा कापून घेतला. उरलेल्यातून दिवसा एक बाई ठेवली आणि मी पुन्हा नोकरी धरली, आधीपेक्षा हलकी. सोसायटीत मात्र बातमी पसरली की यांना घबाड मिळालं. शेजारच्या काकू, त्याच, ज्यांचं पोर आजारी असताना आई रात्रभर उशाशी बसली होती, जिन्यात म्हणाल्या, "चला, देवानं त्या निमित्तानं दिलं." मी म्हटलं, "तुमच्यासाठी सांगू का देवाला?" तेव्हापासून त्यांनी जिन्यात बोलणं सोडलं. ते एक बरं झालं.

पुढं काही वर्षांनी मिठाईच्या दुकानात विमा कंपनीचे ते वकील भेटले. मला त्यांनीच ओळखलं. हातात पेढ्यांचा खोका होता, मुलगा वकील झाला होता. "आई कशा आहेत? फार गोड बोलतात हो. आमच्या घरी मी अजून सांगतो, सैल कणकेचं." त्यांनी खोका उघडून माझ्यापुढं धरला. चेहऱ्यावर जराही अवघडलेपण नव्हतं. मला वाटलं होतं, निदान नजर चुकवतील.

"मला नको," मी म्हटलं.

"अहो, घ्या. आनंदाची गोष्ट आहे."

"तुमच्या हातचं नको," मी म्हटलं. मागं रांगेतले लोक बघायला लागले. त्यांनी खोका मिटला, हसून मान हलवली, जणू तऱ्हेवाईक मीच होते.

मी काही न घेताच घरी आले. दाराशी बाई चपला घालून, पिशवी काखेत मारून उभी होती. "उशीर झाला ताई," ती म्हणाली. "आजींनी आज दोनदा कपडे काढले." मी पर्स ठेवली आणि आत गेले.