खंडेनवमीच्या अक्षता

पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं. त्याचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर टाकायला घेतलं, तर तो दर वेळी अर्ध्यातच तापून बंद पडायचा. धाकटे दीर हसले, "वहिनी, भंगारात द्या. या वयात कशाला हे?"

मी दातओठ खात कॉम्प्युटर उघडला. आतल्या पंख्यात हळदकुंकू आणि अक्षता अडकल्या होत्या. दर खंडेनवमीला मीच भक्तिभावाने वाहिलेल्या! पूजा करकरून मीच त्याचा श्वास कोंडला होता. मलाही या घरात लक्ष्मीच म्हणतात.

दाणा न् दाणा काढला. सॉफ्टवेअर बसलं. माझा पहिला प्रोग्राम छोटासा आहे. तो नाव विचारतो आणि दिरांचं नाव टाकलं, की उत्तर देतो, "भंगारात द्या."

रविवारी ते जेवायला येणार आहेत. ताट वाढायच्या आधी त्यांनाच टाइप करायला बसवणार आहे.