दिसलं न्हाई

काचमावशी आमच्या लोणावळ्यातल्या जनावरांच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या, पण घोडं लॅबच्या दारात आणलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. कार्ल्याकडचे घोडेवाले ताप उतरला, जनावर चालायला लागलं, की त्याला छान खरारा करून आणायचे. मावशी भडकायच्या. "ताप गेल्यावर त्याची वरात काढता व्हय? तापलं की सांगा, मीच येते!" माश्यांच्या चाव्यातून होणाऱ्या सर्रा रोगाचे जंतू ताप चढला की रक्तात सापडतात, एरवी दडून बसतात. म्हणून साबणाच्या डबीत सूक्ष्मदर्शकाच्या काचा घालून त्या चिखल तुडवत तबेल्यात जायच्या आणि घोड्याच्या कानातून थेंबभर रक्त घ्यायच्या. चावायला आलेल्या घोड्यालाही "थांब रं बाबा" म्हणायच्या. आमच्याशी इतक्या मायेनं कधी बोलल्या नाहीत.

रिपोर्टात त्यांनी 'जंतू नाहीत' असं कधी लिहिलं नाही. 'या काचेत दिसले नाहीत', एवढंच. मी नवा डिग्रीवाला, हसायचो. त्या म्हणायच्या, "दिसलं न्हाई म्हंजी न्हाई, असं नसतंय."

एकदा मावशी रजेवर असताना बबनभाऊ त्यांची घोडी घेऊन आले. घरात तेवढी एकच कमावती. ताप नुकताच उतरलेला. मी काच पाहिली आणि ऐटीत लिहून दिलं, 'जंतू नाहीत.' भाऊंनी मला पेढा दिला आणि दुसऱ्या दिवशी घोडी पर्यटकांपुढे उभी केली. पंधरवड्यात तिचे पाय सुजले, ती आडवी झाली. मावशी धावल्या. या वेळी काच जंतूंनी भरलेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण घोडी गेली. भाऊ मावशींना एवढंच म्हणाले, "कागुद तर चांगला आलता." मावशी मला रागावल्या नाहीत, आणि तेच जिव्हारी लागलं.

गेल्या वर्षी मावशी स्वतः तापानं अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या रक्ततपासणीचे कागद घेऊन औंढ्याला त्यांच्या घरी मीच गेलो. त्यांना धीर यावा म्हणून म्हणालो, "मावशी, काही नाही निघालं. तुम्हाला काही झालेलं नाही."

त्यांनी डोळे उघडले. "दिसलं न्हाई म्हन."

मी मान डोलावली, सुनेनं दिलेला चहा घेतला आणि परत आलो. पुन्हा तपासा, असं कुणालाही म्हणालो नाही. आठ दिवसांत मावशी गेल्या.