पडद्यावर उघडलेलं माझं अकाउंट

"सर, ह्यांचा पासवर्ड विचारावा लागतोय व्हय? जय भीम टाका, पुढं चौदा. उघडतंय बघा."

मागच्या बाकावरून एक पोरगा बोलला. वर्ग हसला. विभागप्रमुख सरही हसले. आणि त्यांनी खरंच तसं टाकलं. माझं कॉलेजचं ईमेल प्रोजेक्टरच्या पडद्यावर उघडलं. शिष्यवृत्तीचे मेल, वसतिगृहाचे मेल, सगळं. भरल्या वर्गासमोर. मी उभी होते. अंगावरची ओढणी कुणी खेचावी तसं वाटलं.

आदल्या दिवशी माझ्या अकाउंटवरून प्राचार्यांना घाण शिव्यांचा मेल गेला होता. मी पाठवला नव्हता. तेच सांगत होते, तर सरांनी विचारलं, "मग पासवर्ड कुणाला दिलास?" कुणालाच दिला नव्हता. द्यायची गरजच नव्हती, हे मला त्या हसण्यातून कळलं.

आमच्या निम्म्या वस्तीच्या फोनला हेच कुलूप. आईच्याही. पण माझं कारण वेगळं होतं. धाराशिवला कॉलेजात आल्यापासून मी सगळ्यांना 'नमस्कार' म्हणायचे. घरचा शब्द तोंडातून निघाला तर आडनाव न विचारताच कळेल, ही भीती. मग लॅबमध्ये बसलं की तो शब्द बोटांनी लिहायचा. रोज. एवढंच माझं धाडस.

"सवलतीवर शिकायचं आणि वर ही मस्ती," सर म्हणाले. "उद्या बापाला घेऊन ये."

अण्णा तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात दारू भरतात. त्या दिवसाचा रोज बुडवून आले. केबिनमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कुणी म्हणालं नाही. अण्णांनी काळ्या पडलेल्या नखांचे हात जोडले. "लेकरू चुकलं असंल सायेब. पदरात घ्या." काय चुकलं हे त्यांना माहीतही नव्हतं.

सरांनी माफीनामा पुढं सरकवला. मेल मीच पाठवला, असं त्यात लिहिलेलं. सही केली नाही तर अकाउंट बंद. परीक्षेचं हॉलतिकीट त्याच मेलवर येणार होतं. करून टाकावी सही, असं खरंच वाटलं. पेन हातात घेतलंही. मग अण्णांकडं बघितलं. जोडलेले हात अजून खाली आले नव्हते.

"सर, काल माझं अकाउंट तुम्ही उघडलं. मी पासवर्ड सांगितला नव्हता. तुम्हाला उघडता येतं तर त्या पोरालाही येतं. मेल कुठल्या मशीनवरून गेला ते शोधा. मी सही करणार नाही."

"जा मग," सर म्हणाले. "बस घरी."

अकाउंट बंद झालं. हॉलतिकीट नाही. प्राचार्यांकडं तक्रार दिली, उत्तर नाही. आई नुसती रडते. वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती जाईल, ती गेली तर मी आईबरोबर दुसऱ्याच्या रानात खुरपायला.

सही नाकारली त्या संध्याकाळी अण्णांबरोबर घरी आले आणि आईचा फोन घेऊन कुलूप बदललं. कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही असं ठेवलं. मग शेजारपाजारच्यांचे फोन घेऊन बसले. प्रत्येकाला सांगितलं, नवा शब्द तुमचा तुम्हीच टाका, मलासुद्धा सांगू नका. अण्णा बघत होते.

"आता तेबी लपवायचं व्हय?"

"न्हाय अण्णा. आतापत्तुर लपवलंच होतं म्या. आता तोंडानं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या दारात जाऊन उभी राहिले. तेव्हापासून रोज उभी राहते. ते आले की मी नमस्कार म्हणत नाही.

"जय भीम, सर. तपासाचं काय झालं?"

सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सर न बघता आत जातात. जाऊ देत. केबिनला दार एकच आहे. संध्याकाळी त्यांना तिथूनच बाहेर यायचंय, आणि मी तिथंच असते.