मोबाईलमधले पप्पा अन् घरातले काका

दोस्तहो, आज दुपारी दोन महिन्यांनी घरी आलो, जाफराबादला. मी बोअर पाडायच्या गाडीवर असतो, आज इथं तर उद्या कुठं. खरं तर सकाळीच पोहोचणार होतो, पण मधीच राजूरला उतरलो. पोरीसाठी फुगा घेतला, मंग एक ओळखीचा भेटला, चहा झाला, तेवढ्यात दोन जीपा निघून गेल्या. ते असू द्या.

पोरगी तीन वर्षांची, चिऊ. मला बघून आईच्या पदराआड लपली.

बायको म्हणली, "अगं येडे, पप्पा आले!"

चिऊनं फुगा घेतला अन् मोबाईलकडं बोट केलं. "पप्पा त्यात हायेत."

सगळे हसले, मीबी हसलो. जेवण झाल्यावर घरामागं गेलो अन् बायकोच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. चिऊ लगेच खुलली.

"पप्पा, आपल्या घरी एक काका आलेत. तुमच्या ताटात जेवले."

"मंग हाकलून दे की त्याला."

"न्हाई. त्यांला भूक लागल्ती."

नेटवर्क गेलं म्हणलो अन् कॉल बंद केला.

परवा परत गाडीवर जायचंय. बाहेर फिरणाऱ्या बापांनो, खरं सांगा, मोबाईलमधून घरात यायला किती दिवस लागतात?