शेवटचा हात कोणी लावला?

फोन उचलल्यावर मावशी "हॅलो" म्हणत नाहीत. "थांबा," म्हणतात. "थांबा, आता काही करू नका." कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय बिघडलंय, हे सगळं नंतर. त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव पडलंय थांबामावशी. एकदा कुणाच्या तरी तोंडून त्यांच्यासमोरच निसटलं. सगळ्यांना वाटलं, आता फुटतोय फटाका. तर म्हणाल्या, "चालेल. खऱ्या नावानं हाक मारली की मला बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं."

मावशी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतात. दुकान नाही, पाटी नाही. वय अठ्ठावन्न, गुडघे पासष्टचे. खांद्याला भाजीची वाटावी अशी कापडी पिशवी. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर, धूळ झटकायला रंगाऱ्याचा ब्रश आणि दोऱ्यात ओवलेले पेनड्राइव्ह. त्याआधी तेवीस वर्षं त्या टेलिफोनच्या तक्रार विभागात होत्या. कानाला हेडफोन, समोर वही, आणि पलीकडून दिवसभर कुणी ना कुणी चिडलेलं. तो विभाग बंद झाला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तर मुलं उभीच राहिली, बाई आल्या म्हणून. मावशी मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बसा रे, मलाही काही येत नाही."

पण त्या विभागातली एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. "माणूस आधी बिघाड सांगतो," त्या म्हणतात, "मग आपण कसे साळसूद ते सांगतो. खरं काय झालं ते सगळ्यात शेवटी. तोवर आपण फोन ठेवायचा नाही. एवढंच काम."

त्या गुरुवारी फोन आला तो शिलाईताईच्या नवऱ्याचा.

"मावशी, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये! नुसतं गोल गोल फिरतंय आणि—"

"थांबा. हात कुठाय तुमचा?"

"माझा? माउसवर."

"काढा. आता पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. अर्थ सांगू नका, वाचा."

"दुरुस्तीची तयारी सुरू आहे. मग येतं, दुरुस्ती होऊ शकली नाही, पुन्हा सुरू करा. केलं की पुन्हा दुरुस्तीची तयारी! सकाळपासून नुसती तयारीच चाललीय मावशी, लग्न काही लागत नाही."

"तुम्ही काय काय केलंत?"

"काहीच नाही."

मावशी गप्प राहिल्या.

"म्हणजे... वायर काढून घातली."

मावशी गप्पच.

"चार-पाच वेळा. आणि एक थाप मारली. हळूच हां! आमच्या कामावरचा एक जण म्हणाला, रिसेट दाबून टाक, नवाकोरा होतो. तेच दाबणार होतो, तेवढ्यात ही ओरडली."

"बायकोचे पाय धरा. आणि त्या मित्राला सांगा, घर झाड म्हटलं तर घर पेटवू नये. आता भिंतीतला प्लग काढा आणि सगळे लांब बसा. आलेच."

शिलाईताईच्या बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत कापायचं टेबल आहे. टेबलाखाली कापडाचे गठ्ठे, भिंतीला दोन शिलाई मशीन, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी एका ठेंगण्या स्टुलावर कॉम्प्युटरचा डबा. खिडकीशी सासूबाई कात्री घेऊन बसलेल्या. मूळ धंदा त्यांचाच. पाठीला बाक असलेली, एक खांदा वर गेलेली, हात कोपरापर्यंतच असलेली, कमरेला पट्टा बांधावा लागणारी माणसं. त्यांना दुकानातले कपडे बसत नाहीत. सासूबाई अशांचे कपडे शिवायच्या, सुनेलाही त्यांनीच शिकवलं. कागदी नमुने ओलीनं कुजायला लागले तेव्हा सुनेनं ते कॉम्प्युटरवर काढायला सुरुवात केली. अकरा वर्षं झाली. दोनशे बारा माणसं, प्रत्येकाची तीस-पस्तीस मापं.

"कॉपी ठेवलीयस ना?" मावशींनी चपला काढता काढता विचारलं.

"ठेवलीय तर!" ताई म्हणाली. "वेगळं फोल्डरच आहे. नावसुद्धा दिलंय, 'जपून ठेवलेलं'."

"कुठंय ते?"

"यातच."

मावशींनी डोळे मिटले. "अगं पोरी, तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवलीस."

ताईचा चेहरा उतरला. "मावशी, कपडे मी पुन्हा शिवीन हो. पण माप पुन्हा कसं मागू? एक आजोबा आहेत, दोघांच्या आधारानं उभे राहतात. एका मापाला तीनदा खाली बसतात. त्यांना सांगू, या पुन्हा, तुमचं सगळं पुसलं गेलं?"

मावशींनी डब्याला हात लावला नाही. त्यांची एक रीत आहे: आधी घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, शेवटचा हात कोणी लावला? नवऱ्यानं स्वयंपाकघरात सगळा प्रसंग हातवारे करून, थापेच्या आवाजासकट सादर केला. पण त्याचा पराक्रम आज सकाळचा होता, आणि डबा काल संध्याकाळीच रुसलेला. ताई म्हणाली, काल दुपारी कपडे पोचवायला गेले तेव्हा चालू ठेवून गेले होते, चारला आले तर बंद, वाटलं वीज गेली असेल; संध्याकाळी लावला तर हेच गोल गोल. सासूबाईंनी मान वर केली नाही. "मी त्या डब्याच्या वाटेला जात नाही," म्हणाल्या. कात्री चालूच.

मग मावशी गुडघे धरून स्टुलाशेजारी बसल्या. डब्याच्या माथ्यावर धूळ, डाव्या अंगाला धूळ. उजवं अंग मात्र स्वच्छ, पदरानं पुसावं तसं. खालच्या चार रबरी पायांपैकी एक गायब.

"मला चहा लागेल," त्या उठत म्हणाल्या. "आणि घरात दूध नसेल."

"आहे की," नवरा म्हणाला.

"नसेल," मावशी म्हणाल्या.

ताईनं नवऱ्याला ढकलत बाहेर नेलं. खोलीत दोघी उरल्या. मावशींनी दुसरं स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या समोर बसल्या.

"बाई, दोन मिनिटं देता? मला ठरत नाहीये काय करावं."

"मला काय कळतंय त्यातलं."

"मशीनमधलं कळतं ना? याच्या आत एक गोल ताटली असते, गरगर फिरते. तिच्यावर एक सुई. ताटलीला न टेकता सगळं लिहिते, वाचते."

"टेकली तर?"

"चरा पडतो. चरा पडला तिथलं लिहिलेलं गेलं. आता बघा, डबा नुसता अडकला असेल तर मी बटण दाबते, अर्ध्या तासात सगळे नमुने पेनड्राइव्हवर घेते आणि चहा पिऊन जाते. पण चालता डबा पडला असेल, तर बटण दाबलं की ती सुई आणखी घासत जाणार. मग डिस्क काढून घरी न्यायची आणि एकेक कण वेचावा तसं उतरवायचं. पाच-सहा दिवस जातात."

"मग तेच करा ना नेहमी."

"केलं असतं. पण तुमची सून म्हणते शनिवारची कामं अडलीत. उगाच आठवडा का घालवू तिचा?"

सासूबाईंनी कापड सरकवलं. पांढऱ्या खडूची रेघ होती, आणि कात्री तिच्यापासून बोटभर लांबून चालली होती. अगदी सरळ, सराईत, पण बोटभर लांबून. मावशींनी पाहिलं.  बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, स्टँड दोनदा खडखडलं.

"तुम्ही मला विचारताय का सांगताय?" सासूबाई म्हणाल्या.

"पडलाय एवढं मला दिसतंय. चालू होता का बंद, ते धुळीवरून कळत नाही."

कात्री थांबली.

"चालू होता," सासूबाई म्हणाल्या. "गठ्ठा होता माझ्या हातात. पडल्यावरही गरगर आवाज येत होता. मीच उचलून ठेवला. मग पडदा निळा झाला, म्हणून बटण दाबून बंद केला."

"पुन्हा लावलात?"

"तीनदा. वाटलं, येईल."

"बरं झालं सांगितलंत." मावशींनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. आवाजात ना दया, ना ठपका. तक्रार विभागात नोंद घेताना असेल तसा आवाज. "आता बटण नाही दाबायचं."

"स्टूल मला ठाऊक नाही का? मीच तिथं ठेवलेलं." सासूबाईंचं थांबेना. "पण बघायला गेले की नसतंच ते. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेकडेचं दिसतं सगळं. तुमचा कान दिसतोय मला, तोंड नाही."

"कान बराय माझा. तोंडात बघण्यासारखं काही नाही."

सासूबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळेही भरले. "घरात कळलं की कात्री जाणार हो हातातली. चाळीस वर्षं धरलीय."

"किती दिवस झाले?" हा आवाज दारातून आला.

ताई उभी होती, हातात दुधाची पिशवी. नवरा मागे, चुळबुळत.

सासूबाई ताठ बसल्या. "कशाला किती दिवस? आताच, दोन-तीन—"

"आई, सहा महिने तुम्ही कापलेलं सगळं मी पुन्हा कापतेय."

 सासूबाई कडाडल्या, "सहा महिने? एवढं कापड वाया घालवलंस?"

"वाया नाही घालवलं! तुमच्या तुकड्यांतून लहान मुलांचे अंगरखे काढते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

"मी सासू आहे!"

"म्हणूनच नाही बोलले!"

"दूध उतू जाईल," नवरा म्हणाला.

"पिशवीत?" दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या, आणि त्यानं पिशवी घेऊन स्वयंपाकघर गाठलं.

मावशी पाठ फिरवून स्क्रू काढत बसल्या होत्या. असल्या वेळी त्या फार सावकाश स्क्रू काढतात. मागे ताई सासूबाईंच्या खुर्चीशी खाली बसली आहे, कात्री अजून मांडीवरच आहे, आणि दोघी हळू आवाजात डोळ्यांच्या डॉक्टरांबद्दल भांडताहेत, एवढं ऐकू आल्यावरच त्यांनी शेवटचा स्क्रू सोडवला. डिस्क हातरुमालात गुंडाळली आणि चहा न घेता निघाल्या.

मावशी धाकट्या बहिणीबरोबर राहतात, आणि त्यांचं सगळं काम जेवायच्या टेबलावर चालतं. त्या टेबलावर डिस्क पाच दिवस होती. खाली जाड पुस्तक, समोर पंखा, शेजारी मावशींचा स्वतःचा कॉम्प्युटर, ज्यावर आकडे गोगलगायीच्या चालीनं पुढे सरकायचे. जिथं चरा लागे तो भाग सोडून पुढे जायचं, सोपं आधी, अवघड शेवटी. बहीण मांडीवर ताट घेऊन जेवायची. "माणसाला इतकी हवा कधी घातली नाहीस," ती म्हणायची. रोज संध्याकाळी ताईचा फोन. "आज किती माणसं उतरली?" "एकशे चाळीस." "आज?" "पाचच. चढण लागलीय."

सहाव्या दिवशी मावशी परत गेल्या. नव्या डिस्कवर नमुने, आणि एक कॉपी वेगळ्या पेनड्राइव्हवर. ती त्यांनी ताईला दिलीच नाही. "ही माझ्या घरी राहणार. तुझ्या तिजोरीवर माझा विश्वास नाही."

"किती?" ताईनं विचारलं.

"एकशे एकोणनव्वद. तेवीस गेले. मी दोनदा फिरले पोरी, नाही मिळाले."

गेलेल्यांची यादी मावशींनी कागदावर उतरवून आणली होती. ताईनं ती मोठ्यानं वाचली. सातव्या ओळीवर थांबली. तीनदा खाली बसणारे आजोबा.

"मी करते सगळ्यांना फोन," ताई म्हणाली. "सांगते, कॉम्प्युटर बिघडला. होतंच की असं."

"तू कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "नंबर लाव. आधी त्यांचाच लाव."

मावशींनी पिशवी खांद्याला लावली होती. सासूबाईंनी त्यांच्या बाजूला, कानाच्या अंदाजानं, हात केला. "तुम्ही बसा हो जरा." मावशी बसल्या.

पलीकडून खोकत फोन उचलला गेला.

"नमस्कार, शिलाईताईची सासू बोलतेय. हो, बरी आहे. अहो, तुमच्या मापांचं... तो कॉम्प्युटर आहे ना आमचा, तो..." त्या अडल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ताईनं फोनसाठी हात पुढे केला. मावशींनी तो हलकेच खाली दाबला.

"माझ्या हातून पडला," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाही आता नीट. तुमची सगळी मापं गेली. पुन्हा द्यावी लागतील. तुम्हाला किती त्रास होतो ते मला माहितेय, म्हणून मीच फोन केला."

 पलीकडे खोकल्याची उबळ आली.

"मग कात्री कोण चालवतं?" आजोबांनी विचारलं.

सासूबाईंनी सुनेच्या दिशेनं तोंड वळवलं. "सून. चांगली चालवते. माप मी घेईन, आकडा ती वाचेल. आणि तुम्ही उभं नाही राहायचं या वेळी. खुर्चीत बसूनच घेऊ, मागचं माप हातानं चाचपून घेते मी."

"बसून? मग आजवर उभं का करत होतात हो मला?"

"कारण मला दिसत होतं!"

पलीकडून खोकल्यात मिसळलेलं हसू आलं. "शुक्रवारी येतो. आणि पोट जरा सैल धरा, वाढलंय."

फोन बंद झाला. सासूबाईंनी तो मांडीवर ठेवला, कात्री उचलली आणि टेबलावर सुनेच्या बाजूला सरकवली. मग हाताचा तळवा फोनवर ठेवून म्हणाल्या, "हं. दुसरा लाव."