डोळे मिटून मालिका पाहण्याच्या परवानगीबाबत

विषय वरीलप्रमाणे. संदर्भ : नाना सावंत यांनी विमलबाईंना माझ्यामार्फत केलेला अर्ज. अर्जाकडे वळण्यापूर्वी पूर्वपीठिका देणे आवश्यक आहे. नोकरीत असताना कुठलीही पूर्वपीठिका मी एका परिच्छेदात बसवत असे. किश्शांचं तसं होत नाही. फाइल निदान एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तरी जाते. किस्से आहेत तिथेच साठत राहतात.

वर्तकनगरला आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं जमतो. मी निवृत्त कारकून. बर्वे माझ्याच ऑफिसातले हेडक्लार्क. नाना सावंत खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. आणि विमलबाई मूळच्या कोळीवाड्यातल्या. बाजारातली मासळीची जागा सुनेच्या हाती देऊन आता आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. माझ्या मुलीने टीव्हीवर अंतराळयानाची एक इंग्रजी मालिका लावून दिली. "बाबा, वेळ जाईल," म्हणाली. गेला.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना पडद्यावर फक्त उजेड आणि अंधार दिसायचा. म्हणून विमलबाई त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसत आणि काय चाललंय ते सांगत. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती बर्वे आणि मी मनात वाचत असू. विमलबाईंना इंग्रजी कितपत येतं, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही.

*

प्रत्येक भागाला दर्जा द्यायची पद्धत बर्व्यांनी पाडली. मी दहापैकी गुण सुचवले होते.

"गुण शाळेत देतात! आपण गोपनीय अहवाल लिहायचा."

तेव्हापासून अत्युत्कृष्ट, निश्चित चांगला, साधारण आणि असमाधानकारक असे चार शेरे चालू झाले. पहिल्याच भागात कप्तान एकटा एका अनोळखी ग्रहावर उतरला, राक्षसांशी लढला आणि सगळ्यांना वाचवून परत आला. मला वाटलं, निश्चित चांगला.

"असमाधानकारक," बर्वे म्हणाले. "मुख्यालय सोडायची परवानगी घेतली होती का त्याने?"

*

नानांचा आक्षेप वेगळा होता. यान एका क्षणात कुठल्या कुठे जातं, हे त्यांना पटलं. चालक झोपला असताना यान आपलं आपण चालतं, हेही पटलं.

"पण अहो, एवढी माणसं आत, आणि कंडक्टर नाही?"

मी म्हटलं, "नाना, तिथे तिकीट नसतं."

"तिकिटाचं सोडा हो. सुटायच्या आधी सगळे चढले का, ते बघतं कोण?"

त्याच भागाच्या शेवटी एक माणूस मागे राहून गेला. नाना आठवडाभर खुशीत होते.

*

एका भागात यानात आठ हातांचा, चिकट, अक्राळविक्राळ प्राणी शिरतो. सगळे किंचाळत पळतात. बर्व्यांनीही पाय वर घेतले होते, पण ते त्यांना मान्य नाही.

"काय झालं? काय झालं?" नाना विचारत होते.

विमलबाई पुढे वाकून पडद्याकडे निरखून बघत होत्या. "काय नाय वो नाना. उगाच घाबरतान. ताजा नाय तो! डोळं बगा, पार बसल्यान."

*

मग कप्तान भूतकाळात जातो आणि तिथे त्याला तरुणपणीचा कप्तानच भेटतो. दोघंही एकाच यानावर. त्या भागाचा शेरा आजतागायत लागलेला नाही. कारण बर्व्यांचा प्रश्न : "या दोघांत सिनियर कोण?"

मी म्हटलं, "म्हातारा."

"कसा? तरुण आधी रुजू झालाय!"

दोन शनिवार यावर चर्चा झाली. शेवटी विमलबाई नानांना म्हणाल्या, "ऑफिसात पन ह्ये असंच करत असतील का वो?"

*

आता मुख्य मुद्दा. एक भाग पूर्णपणे रटाळ होता. यान बंद पडलेलं, आणि अंधाऱ्या खोलीत कप्तान आणि इंजिनियर बाई इंजिनाबद्दल बोलतायत. पाऊण तास इंजिन! मी साधारण दिला, बर्व्यांनी असमाधानकारक.

नानांनी रुमाल काढला. "अत्युत्कृष्ट," ते म्हणाले.

विमलबाईंनी त्यांना सांगितलेला भाग असा : ती कप्तानाची बहीण. आई घरी एकटी आहे. तो तिला म्हणतो, तू परत जा. ती म्हणते, तू का नाही जात? तो म्हणतो, मी गेलो तर आई विचारेल, इतके दिवस कुठे होतास.

बर्वे आणि मी एकमेकांकडे बघितलं. बर्व्यांनी गुपचूप आपला शेरा खोडून वरचा लिहिला. जिन्यात मला म्हणाले, "मूळ प्रत कच्ची आहे हो. पक्की प्रत विमलबाईंचीच."

*

नानांचं ऑपरेशन झालं, एकापाठोपाठ एक दोन्ही डोळ्यांचं, आणि उत्तम झालं. बऱ्याच दिवसांनी ते शनिवारी आले आणि दारातूनच भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. विमलबाईंनी पेढे आणले होते.

मालिका सुरू झाली. नाना खालची अक्षरं वाचू लागले. डेपोत पाट्या वाचण्यात आयुष्य गेलेलं, वेग चांगला होता. पाच मिनिटांनी म्हणाले, "विमलबाई, ही तर कप्तानाला सर म्हणतेय."

विमलबाई स्टुलावरून उठल्या.

"ही त्याची बहीण ना?"

"नाना, मना कुठं विंग्लिश येतंय? तोंडं बगून सांगत होते."

"मग ती आई? घरी एकटी असलेली?"

"ती हितली," विमलबाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. स्टूल उचलून त्यांनी भिंतीला लावलं. "आता डोळं आलं तुमाला. बगा तुमी."

"डोळे आले नाहीत हो," बर्वे म्हणाले, "ऑपरेशन झालंय!"

कोणी हसलं नाही. विमलबाई गेल्या. पुढचे काही शनिवार आल्या नाहीत. एकदा जिन्यात नानांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खोटं सांगनाऱ्याचं काय काम आता?"

नानांनी त्यानंतरच्या प्रत्येक भागाला एकच शेरा दिला. असमाधानकारक.

*

मग नाना अर्ज घेऊन आले. मजकूर असा : "नवीन डोळ्यांनी मालिका नीट दिसत नाही. तरी यापुढील भाग डोळे मिटून, आपल्या शेजारी बसून ऐकण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."

बर्व्यांनी मसुदा तपासला. 'विनंती'च्या आधी 'नम्र' घातलं आणि शिफारस म्हणून स्वतःची सही ठोकली. अर्ज मी स्वतः विमलबाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"डोळं मिटल्यान क नाय, ह्ये कोन बगनार?"

"आपणच, विमलबाई," मी म्हटलं.

त्या शनिवारी त्या आल्या. स्टूल भिंतीपाशीच होतं. त्यावर तिथेच बसल्या. नानांनी येतानाच डोळे मिटले होते, त्यामुळे टीपॉयला गुडघा लागला. मालिका सुरू झाली. यान कुठेतरी उतरलं, फुस्स असा आवाज झाला.

"दार उघडलं का हो?" नानांनी विचारलं.

बर्वे आणि मी विमलबाईंकडे बघितलं.

"उघारलं," विमलबाई म्हणाल्या.

"कोण आलं?"

विमलबाईंनी पडद्याकडे बघितलं, मग नानांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

"थांबा वो नाना. अर्ज वाचतेय मी अजून."

अर्ज प्रलंबित आहे.