दर जूनला गिरवली जाणारी मान्यता
मुलीच्या प्रवेशाची तारीख, त्याआधीच तिच्या शाखेची मान्यता संपल्याची तारीख आणि परदेशातील अभियंता मंडळाने त्यामुळे तिची नोंदणी नाकारल्याची तारीख, या तिन्ही मला तोंडपाठ आहेत. जबाबदार दोघे, तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्य आणि संस्थेचे सचिव. आज कोपरीत आमच्या सोसायटीचे फाटक रंगवताना टर्पेंटाइनचा वास आला आणि ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली. तिकडे परदेशात माझी मुलगी अभियंता असूनही, नोंदणीविना सहीचा अधिकार नसल्याने, दुसऱ्यांच्या सहीसाठी नकाशे काढत होती, म्हणून नकारपत्र घेऊन मी कल्याणच्या त्या महाविद्यालयात गेलो होतो. प्राचार्य हसून म्हणाले, "काका, मान्यता कॉलेजला होती, शाखेला उरली नव्हती. नीट वाचायचं ना!" बाहेर आलो, तर फाटकावर पेंटर 'सर्व शाखांना आंतरराष्ट्रीय मान्यता' ही अक्षरे लाल रंगाने गिरवत होता. "दर जूनला गिरवतो, काका," तो शिडीवरून म्हणाला, "अ‍ॅडमिशन आल्या की सचिवसाहेबांचा फोन येतोच." मी त्या ओल्या अक्षरांवर अख्खा तळवा फिरवला, तसाच आत गेलो, तो आवक नोंदवहीवर उमटवला आणि लिपिकाकडे पोच मागितली. ती अद्याप मिळालेली नाही. मला क्षमायाचना नको. त्या दोघांच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या पाहायच्या आहेत. येत्या जूनमध्ये नकारपत्राची मोठी प्रत घेऊन मी त्याच फाटकाशी उभा राहणार आहे. संपलेली मान्यता दरवर्षी कोणाच्या लेखी आदेशाने गिरवली गेली, याचे उत्तर सचिवांनी तिथे, प्रवेशाला आलेल्या पालकांसमोर, मोठ्याने द्यावे.